आयर्लंडची पहिली सहल: ठिकाणं कमी, मुक्काम जास्त

आयर्लंड नकाशावर लहान दिसतं आणि पहिल्या सहलीचं गणित तिथेच चुकतं. अख्खं बेट महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडंसं मोठं आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या डब्लिनहून पश्चिमेच्या गॉलवेला गाडीने अडीच-तीन तासांत पोहोचता येतं. त्यामुळे सात दिवसांत बेटाची प्रदक्षिणा घालायचे बेत सर्रास आखले जातात. अशा धावपळीत कडे, किल्ले आणि सरोवरं बघून होतात. पण संध्याकाळी गावच्या पबमध्ये जमणारं वादन, सकाळच्या चहाबरोबर रंगणाऱ्या घरमालकिणीच्या गप्पा, रविवारच्या सामन्यावरून दुकानात चाललेला वाद हे सगळं निसटतं, कारण ते कळायला दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही त्याच गावात असावं लागतं. म्हणून पुढचा सगळा बेत मी एका आग्रहावर बांधला आहे: पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात सलग तीन रात्री तरी राहा.

आधी व्हिसा

आयर्लंड युरोपियन संघात आहे, तिथलं चलन युरो आहे, पण ते शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. हाती शेंगेन व्हिसा असला तरी डब्लिनला उतरता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा लागतो आणि त्यावर ९० दिवसांपर्यंत राहता येतं. शुल्क एका प्रवेशासाठी ६० युरो, अनेक प्रवेशांसाठी १०० युरो. अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा, शेवटी मिळणाऱ्या सारांशाची प्रत छापून तिच्यावर सही करायची आणि बाकी कागदांसह व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायची. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. तो पहिल्याच आठवड्यात करून टाका, कारण मे-जूनच्या सुमाराला गर्दी असते आणि निकालाला दोन महिनेही लागू शकतात.

कागदांत सर्वांत महत्त्वाचं तुमचं स्वतःचं पत्र. का जाताय, कुठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत येण्यासाठी इथे काय आहे (नोकरी, व्यवसाय, शेती, मुलांची शाळा) हे साध्या इंग्रजीत एका पानात लिहा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, मुक्कामांची आरक्षणं आणि प्रवास विमा हे त्या पत्राशी जुळलं पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली हेही पत्रात लिहा. लग्नाचा दाखला किंवा सात-बारा मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, हॉटेलंही विनाशुल्क रद्द होणारीच घ्या.

आता एक गोष्ट, जी अनेकांना डब्लिनला पोहोचल्यावर कळते. बेटाचा ईशान्येकडचा भाग, म्हणजे उत्तर आयर्लंड, युनायटेड किंगडममध्ये आहे. रस्त्यावर सीमेचं फाटक नाही, तपासणी नाही, तरी नुसत्या आयरिश व्हिसावर तिथे जाणं बेकायदा आहे. यावर उपाय आहे: भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी २०१५पासून ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना सुरू आहे. आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर त्याच व्हिसावर यूकेतही जाता येतं. अट एवढीच की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. व्हिसा हातात आल्यावर ही नोंद शोधा आणि मगच बेलफास्टचा विचार करा.

भारतातून डब्लिनला थेट विमान नाही. दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे जाणं सुटसुटीत पडतं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ट्रान्झिटचे नियम वाचल्याशिवाय घेऊ नका.

कधी जायचं

मे, जून किंवा सप्टेंबर. आपल्याकडच्या मेच्या सुट्टीत निघालात तर कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर असतो आणि क्लेअर परगण्यातल्या बरेनच्या खडकाळ माळावर रानफुलं. जूनअखेरीला पश्चिम किनाऱ्यावर रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवण उरकूनही कड्यावर फिरायला जाता येतं. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारतं, तेव्हा पहिली सहल हिवाळ्यात नको. १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिन डब्लिनमध्ये जोरात असतो, पण राहण्याचे दर तेव्हा अवाच्या सवा वाढतात.

पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. तो आपल्यासारखा कोसळत नाही. वाऱ्याबरोबर आडवा, भुरभुर येतो, वीस मिनिटांत थांबतो आणि तासाभराने पुन्हा येतो. छत्री अटलांटिकच्या वाऱ्यात उलटी होते, तेव्हा ती घरीच ठेवा. टोपी जोडलेलं चांगलं वॉटरप्रूफ जाकीट, आत पातळ कपड्यांचे दोन थर आणि पाणी न शिरणारे बूट घ्या. भर उन्हाळ्यातही पारा १५ ते २० अंशांच्या आसपास असतो. पाऊस आला म्हणून बेत रद्द करायचा नाही. तिथलं कुणी करत नाही.

रस्ता कसा आखायचा

दहा रात्री असतील तर तीन डब्लिनला, चार पश्चिमेच्या क्लेअर किंवा गॉलवेला, तीन नैर्ऋत्येच्या केरीला. सातच असतील तर केरी सोडा. कॉर्कजवळच्या ब्लार्नी किल्ल्यात, ज्याने वाक्चातुर्य येतं म्हणतात त्या दगडाचं चुंबन घ्यायला लांब रांग लागते. पहिल्या सहलीत त्यासाठी दिवस घालवू नये असं माझं मत आहे.

गाडी घ्यायची की नाही? रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं असल्यामुळे आपल्याला अर्धी लढाई सोपी आहे. भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, कारण भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात. तिथे गिअरच्या गाड्या जास्त, ऑटोमॅटिक महाग आणि लवकर संपतात. चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. विम्यात अपघाताच्या वेळी तुमच्यावर किती रक्कम येते, तो आकडा सही करण्यापूर्वी वाचा. डब्लिनमध्ये गाडी अजिबात नको. शहर सोडायच्या दिवशी ताब्यात घ्या. डब्लिनभोवतीच्या एम५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. गाडी घेतानाच हे कोण भरणार ते विचारून घ्या.

खरी परीक्षा खेड्यातल्या रस्त्यांवर असते. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधोमध गवताची पट्टी आणि समोरून ट्रॅक्टर. ज्याच्या बाजूला रस्ता जरा रुंद असेल तो थांबतो, दुसरा पुढे जातो आणि जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतो. तुम्हीही करा. नकाशा ४० मिनिटं सांगत असेल तर तासभर धरा.

गाडी नको असेल तरी अडत नाही. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून गॉलवेला रेल्वेने अडीच तास लागतात. तिथून मोहरचे कडे, आरन बेटं आणि कॉनेमाऱ्याचा डोंगराळ भाग अशा तिन्ही बाजूंना रोज बस जातात. किलार्नीलाही रेल्वे आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी हाच मार्ग सुचवेन.

डब्लिन

विमानतळावर रेल्वे नाही, बस किंवा टॅक्सी घ्यायची. उतरल्यावर लीप कार्ड घ्या. ते बस, लुआस ट्राम आणि डार्ट लोकल तिन्हींवर चालतं. सगळेच बसमधून उतरताना चालकाला मोठ्याने ‘थँक यू’ म्हणतात.

ट्रिनिटी कॉलेजमधला ‘बुक ऑफ केल्स’ हा इ.स. ८००च्या आसपासचा, वासराच्या कातड्यावर रंगवलेला शुभवर्तमानांचा ग्रंथ. तिकीट महाग आहे आणि एका वेळी पानं मोजकीच दिसतात. पुस्तकांवर प्रेम असेल तर जा, नाहीतर पायी जाण्याच्या अंतरावर फुकट असलेली दोन ठिकाणं गाठा. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात कांस्ययुगीन सोन्याचे दागिने आहेत आणि दलदलीत दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेले मानवी देह. एका देहाच्या हाताची नखंसुद्धा स्पष्ट दिसतात. डब्लिन किल्ल्याच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात कुराणाच्या जुन्या प्रती, जपानी चित्रगुंडाळ्या आणि मुघल लघुचित्रं आहेत. मुघल दालनासाठी वेळ राखून ठेवा.

किलमेनम तुरुंग मात्र चुकवू नका. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, ऐन वेळी मिळत नाही. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावाच्या चौदा नेत्यांना मे महिन्यात इथल्या दगड फोडायच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. जेम्स कॉनोली इतका जखमी होता की त्याला उभं राहता येईना, तेव्हा त्याला खुर्चीला बांधून मारलं. डब्लिनला हा उठाव झाला त्याच एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली होती, आणि ‘होमरूल’ ही मागणीच मुळात आयरिश चळवळीतून आपल्याकडे आलेली. त्या आवारात हे आठवलं की तो इतिहास परका वाटत नाही.

लिफी नदीच्या काठी कस्टम हाउसजवळ दुष्काळाचं स्मारक आहे: हाडांचे सापळे उरलेली ब्राँझची माणसं, गाठोडी छातीशी धरून जहाजाकडे निघालेली. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर करपा पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत धान्य आणि गुरं बंदरांतून इंग्लंडला जातच होती. पुढे पश्चिमेला ओसाड टेकड्यांवर गवताखाली समांतर वरंबे दिसतील. ते बहुधा सोडून दिलेले बटाट्याचे वाफे असतात.

डब्लिनहून एका दिवसात जमणारं सर्वांत मोलाचं ठिकाण म्हणजे बॉइन नदीच्या खोऱ्यातलं न्यूग्रेंज. ही इ.स.पू. ३२००च्या सुमाराची समाधी, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. थेट जाता येत नाही. ब्रू ना बोन्या अभ्यागत केंद्रातून त्यांच्याच बसने नेतात आणि तिकिटं आठवडे आधी संपतात. आत एकोणीस मीटरची अरुंद दगडी वाट आहे, काही ठिकाणी अंग तिरकं करून जावं लागतं. शेवटच्या दालनात थोडेच लोक मावतात. सगळे आत आले की मार्गदर्शक दिवे मालवतात. मग २१ डिसेंबरच्या आसपासच्या सूर्योदयाला जे घडतं ते कृत्रिम प्रकाशाने दाखवतात: दारावरच्या झरोक्यातून एक बारीक पट्टा जमिनीवरून सरकत पायांपर्यंत येतो. खऱ्या सूर्योदयाला आत जाणाऱ्यांची निवड सोडतीने होते. छताचे दगड चुना-सिमेंट न वापरता रचलेले आहेत आणि पाच हजार वर्षांत ते गळलेलं नाही. बंद जागेची भीती असेल तर आधी विचार करा.

पश्चिम किनारा: इथे थांबा

क्लेअर परगण्यातलं डूलिन किंवा एनिस, नाहीतर गॉलवे शहर, यातलं एक निवडा. हॉटेलपेक्षा बी अँड बी घ्या. घराचाच भाग असतो, मालकीण स्वतः नाश्ता करते आणि आज वारा कुठून आहे, बोट सुटेल का, रात्री कुठे कोण वाजवणार आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मोहरचे कडे ८ किलोमीटर लांब आहेत आणि सर्वांत उंच ठिकाणी समुद्रापासून २१४ मीटर. सकाळी अकरा ते चार डब्लिनच्या बसेसची गर्दी असते. मुक्काम जवळ असल्याचा फायदा इथे कळतो: संध्याकाळी सहानंतर जा, ऊन समुद्राकडून थेट कड्यावर पडतं आणि माणसं तुरळक असतात. एप्रिल ते जुलैत पफिन पक्षी दिसू शकतात, दुर्बीण न्या. कडेची माती भुसभुशीत असते. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर दोर ओलांडू नका, तिथे माणसं पडून गेली आहेत.

एक दिवस आरन बेटांसाठी. डूलिनहून हंगामात बोट असते, गॉलवेजवळच्या रोसाव्हीलहून वर्षभर. इनिश मोर बेटावर सायकल भाड्याने घेऊन डून एंगस किल्ला गाठा: अर्धवर्तुळाकार दगडी तट, आणि उघडी बाजू सरळ समुद्रात तुटलेली, कठडा नाही. पोटावर झोपून खाली बघायचं. ही बेटं, कॉनेमारा आणि केरीतल्या डिंगलचा काही भाग गेलटाख्त आहे, म्हणजे रोजचा व्यवहार आयरिश भाषेत होतो आणि रस्त्यावरच्या पाट्याही त्याच भाषेत. डिंगलची पाटी ‘डॅंगन’ अशी असते, तेव्हा नकाशात दोन्ही नावं आधीच टिपून ठेवा.

कॉनेमाऱ्यात कायलमोर ॲबी हा मठ बघायला जालच; वाटेत बॅलिनाहिंच कॅसलला चहासाठी थांबा. ज्यांच्या नावाने रणजी करंडक आहे त्या नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहांनी १९२४मध्ये हा वाडा विकत घेतला आणि शेवटपर्यंत उन्हाळ्यात ते तिथे मासेमारीला येत.

आता ज्यासाठी थांबायला सांगितलं ते. संध्याकाळचं वादन, ज्याला तिथे ‘सेशन’ म्हणतात, व्यासपीठावर होत नाही. पबच्या कोपऱ्यात एक टेबल असतं, साडेनऊच्या सुमाराला कुणी फिडल (व्हायोलिन) घेऊन येतं, कुणी कॉन्सर्टिना हे भात्याचं छोटं वाद्य, कुणी बासरीसारखी छोटी टिन व्हिसल. पेटीतून वाद्य निघतं, एक गत सुरू होते, बाकीचे दोन-चार मात्रा ऐकतात आणि ती येत असेल तर मिसळतात. येत नसेल तर गप्प बसतात. एक गत दोन-तीनदा झाली की मान हलते आणि न थांबता दुसरी लागते. पुढे नोटेशन नसतं. कातडी मढवलेलं, डफासारखं बौरान एकाच वेळी एकानेच वाजवायचं असा अलिखित नियम आहे. मधेच कुणीतरी म्हाताऱ्या गृहस्थाला आग्रह करतं, ते डोळे मिटून साथीशिवाय एक लांबलचक गाणं म्हणतात आणि अख्खा पब, पेले भरणारा मालकसुद्धा, थबकतो.

तुम्ही काय करायचं? त्या टेबलाच्या खुर्च्यांवर बसू नका, त्या वादकांच्या आहेत. टाळ्यांचा ठेका धरू नका. फर्माईश करू नका. मोबाइल तोंडासमोर धरण्याआधी विचारा. जवळ बसा, गत संपल्यावर दाद द्या. दारू घेत नसाल तर चहा किंवा सोडा मागा, कुणी भुवई उंचावत नाही. घेत असाल तर आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची रीत आहे. कुणी तुमच्यासाठी घेतलं तर पुढची पाळी तुमची. मुलांना पबमध्ये रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबर दहापर्यंत बसता येतं. डब्लिनच्या टेंपल बार या पबच्या वस्तीतही रोज संगीत असतं, पण ते पर्यटकांसाठी ध्वनिक्षेपकावर चालतं आणि तिथला पेला शहरात सर्वांत महाग.

केरी

किलार्नीत राहून बसने केरीची १७९ किलोमीटरची प्रदक्षिणा करता येते, पण वेळ असेल तर मुक्काम डिंगलला हलवा. स्ली हेडचा रस्ता घड्याळाच्या दिशेने फिरा, सगळे तसेच जातात. वाटेत गॅलरसचं छोटं दगडी प्रार्थनास्थळ आणि समोर ब्लास्केट बेटं, जिथले शेवटचे रहिवासी १९५३मध्ये कायमचे मुख्य भूमीवर आले.

खाणं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, मात्र विचारायची सवय हवी. भाज्यांच्या सुपात कोंबडीचा रस असू शकतो. नाश्त्यातलं ब्लॅक पुडिंग हे डुकराच्या रक्ताचं असतं, व्हाइट पुडिंगही डुकराच्याच मांसाचं. मालकिणीला आदल्या रात्री सांगितलंत तर अंडी, मशरूम, टोमॅटो, लापशी मिळते. सोड्यावर फुगवलेला काळपट ब्राऊन ब्रेड आणि तिथलं लोणी यांची मला तिथे राहून चटक लागली आहे. मासे खाणाऱ्यांनी चाउडर (माशांचं दाट सूप) आणि शिंपले घ्यावेत. खेड्यात स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. आपल्या सवयीने साडेनऊला जेवायला निघालात तर नुसती बिस्किटं मिळतील. नळाचं पाणी निर्धास्त प्या. प्लगसाठी चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर लागतो.

बोलणं

लोक आपणहून बोलतात, आणि हवेपासून सुरुवात करतात. आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्यासारखं बोलू नका, तेवढं पथ्य पाळा. हर्लिंगबद्दल विचारलंत तर समोरचा तासभर सांगेल: लाकडी काठीने चेंडू हवेत टोलवायचा खेळ, खेळाडूंना मानधन नाही, प्रत्येक जण आपल्या परगण्यासाठी खेळतो, तरी अंतिम सामन्याला डब्लिनचं ८२ हजारांचं क्रोक पार्क भरतं. उन्हाळ्यात गावच्या क्लबाचा सामना मिळाला तर कड्यांचा एक दिवस कमी करून तो बघा. तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे कळल्यावर लिओ वराडकरांचं नाव निघेलच. २०१७मध्ये पंतप्रधान झालेल्या वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आणि २०१९च्या डिसेंबरात ते स्वतः वराडला येऊन गेले.

उत्तर, व्हिसात असेल तर

‘बीआयव्हीएस’ची नोंद असेल आणि दोन जादा दिवस असतील तर बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे करा. कॉजवेला समुद्रात उतरणारे सुमारे ४० हजार बेसाल्टचे खांब आहेत, बहुतेक षट्कोनी. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच प्रकारे थंड होणाऱ्या लाव्ह्यातून बनलेत. पायी जाऊन खांबांवर फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट वाहनतळाचं आणि अभ्यागत केंद्राचं. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती बघताना स्थानिक मार्गदर्शक घ्या आणि कुठल्या बाजूचे कोण असं लोकांना विचारू नका. १९९८च्या शांतता कराराआधीची हिंसाचाराची वर्षं अनेकांच्या घरात अजून ताजी आहेत. सीमेपलीकडे पौंड चालतो आणि वेगमर्यादेच्या पाट्या मैलांत असतात. भाड्याची गाडी तिकडे नेणार असाल तर ताब्यात घेतानाच कंपनीला सांगा आणि विमा तिथेही लागू आहे हे लेखी घ्या.